अनोळखी झाडाचे फळ

फळाची गोडी घेण्यासाठी त्याचे नाव ठाऊक असावे लागते काय? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. भुकेल्याच्या हाती फळ आले की तो खातो, नाव विचारीत बसत नाही. पण ज्या संप्रदायाचा सगळा संसार नामावर उभा आहे, त्या संप्रदायातल्या माणसाला नावाचा प्रश्न असा झटकून टाकता येत नाही. नाव म्हणजे वस्तूला बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी, की वस्तूकडे जाण्याची वाट? चिठ्ठी असेल तर हरवली म्हणून बिघडले काय? आणि वाट असेल, तर ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही त्याच्यापर्यंत जायचे कसे?

या प्रश्नासाठी दृष्टांत दूरचा घेतो. आंब्याचा घेतला असता तर सोपे झाले असते. पण आंबा आपल्या इतका घरचा की त्याच्याकडे आपण परक्यासारखे बघूच शकत नाही. म्हणून सफरचंद.

इंग्लंडमध्ये, वेल्समध्ये, अमेरिकेच्या जुन्या वस्त्यांत पडक्या घरांच्या मागे सफरचंदाची म्हातारी झाडे उभी असतात. लावणारा कधीच गेला. घर दोन-चार वेळा विकले गेले. खोडात पोकळी पडली, फांद्यांवर शेवाळ चढले, निम्मे झाड वाळले. उरलेल्या निम्म्यावर शरद ऋतूत फळ मात्र लागते. घर नव्याने घेतलेला माणूस त्या झाडाखाली येतो, एक फळ तोडतो, चावतो. मग त्याला प्रश्न पडतो की हे आहे तरी कोणते सफरचंद?

आपण म्हणाल, यात अवघड ते काय? कोणा जाणत्याला दाखवावे. अवघड आहे, आणि का आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार त्यावर आहे. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखे झाड येत नाही. एका फळात पाच कप्पे, एकेका कप्प्यात बहुधा दोन बिया. त्या दहाही पेरल्या तर दहा निराळी झाडे उगवतील. एक आंबट, एक कडसर, एक बेचव, क्वचित एखादे अमृतासारखे. कारण सफरचंदाचे फूल सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. आणि मुळात त्या जातीच्या पोटातच विविधता ठासून भरलेली आहे. मध्य आशियात कझाकस्तानच्या डोंगरात या फळाचे रानटी पूर्वज अजून उभे आहेत, तिथल्या रानात तर म्हणे शेजारच्या दोन झाडांची फळे एकमेकांना ओळख दाखवीत नाहीत. आपल्या रायवळ आंब्याचेही थोडेफार असेच. म्हणून चांगले झाड सापडले की ते टिकवण्याचा उपाय एकच, कलम. काडी कापायची, दुसऱ्या खुंटावर बांधायची. मग ते दुसरे झाड उरत नाही. पहिल्याच झाडाचा देह दुसऱ्या मुळांवर उभा राहतो.

म्हणजे परसातल्या त्या म्हाताऱ्या झाडाच्या दोन शक्यता झाल्या. एक, ते एखाद्या नावाजलेल्या वाणाचे कलम असेल आणि काळाच्या ओघात नाव तेवढे हरवले असेल. दुसरी, ते कोणीतरी खाऊन फेकलेल्या बीमधून उगवले असेल. तसे असेल तर त्याला नाव कधी नव्हतेच, आणि त्याच्यासारखे दुसरे झाड साऱ्या पृथ्वीवर नाही. हरवलेले नाव शोधता येते. नसलेले नाव शोधायला निघालेला माणूस आयुष्यभर ग्रंथ चाळील. आणि झाडाकडे पाहून दोन्हींतला फरक सांगता येत नाही, ही खरी गंमत.

तरीही तिकडचे जाणते लोक ओळख पटवतात, आणि त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. झाडावरून एकच फळ घेऊन चालत नाही. चार-सहा घ्यायची, पुरती पिकलेली, उन्हाच्या बाजूची, किडकी नकोत, देठासकट. पुसायची नाहीत, कारण सालीवरचा मेणासारखा थर हीसुद्धा खूण असते. आकार पाहायचा, पण आकारावर विसंबायचे नाही. एकाच झाडावर लहानमोठी फळे असतात. रंगावर तर मुळीच नाही, रंग उन्हाचा असतो. मग पाहायचे काय? देठ किती लांब, किती जाड, किती खोल खळग्यात बसला आहे. देठाच्या उलट बाजूला फुलाचे वाळके अवशेष असतात, त्याला ते लोक फळाचा ‘डोळा’ म्हणतात. तो उघडा आहे की मिटलेला. मग फळ उभे चिरायचे. आतला गाभा, बियांचे कप्पे, बियांचा आकार, आणि डोळ्याखालच्या नळीत वाळलेले पुंकेसर कुठे चिकटले आहेत तेही. रॉबर्ट हॉग नावाच्या विद्वानाने 1860 साली ‘फ्रूट मॅन्युअल’ हा ग्रंथ काढला आणि पुढच्या आवृत्तीत अशाच बारीक खुणांवर सफरचंदांचे वर्गीकरण बसवले. केंट परगण्यात ब्रॉगडेल येथे इंग्लंडचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे, तिथे 2000 हून अधिक वाणांची सफरचंदे जिवंत उभी आहेत; अनोळखी फळ त्यांच्याशी ताडून पाहतात. आता पानातल्या डीएनएवरूनही ओळख जुळवता येते.

यात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते असे. जे पहिल्या नजरेत भरते, रंग आणि थोराड आकार, ते ओळखीच्या कामाचे नाही. जे कोणी पाहत नाही, वाळलेल्या फुलाचा चोथा, देठाचा खळगा, पोटातली बी, तिथे ओळख आहे. माणसे ओळखण्याच्या आपल्या रीतीशी हे ताडून पाहावे. मी अधिक बोलत नाही.

आता कोणी पूर्वपक्ष मांडील की ही सारी पंडिती खटपट कशाला? फळ गोड आहे ना, मग खा. आंबे खावेत, झाडे मोजू नयेत, असे आपल्याकडेही म्हणतातच. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. पुष्कळ माणसे नावे गोळा करण्यात जन्म घालवतात आणि चव घ्यायची राहून जाते. पण सफरचंदाच्या बाबतीत हा युक्तिवाद एका ठिकाणी अडतो. जे फळ आज गोड नाही, त्याचे काय?

सफरचंदांत काही वाण ऑगस्टमध्ये झाडावरच पिकतात, तोडल्या दिवशी खावेत, आठवड्यात पिठूळ होतात. काही ऑक्टोबरात तोडावे लागतात आणि तेव्हा ते दगडासारखे कठीण, दात आंबवणारे असतात. गारव्यात, अंधारात, एकमेकांना न टेकता मांडून ठेवले तर डिसेंबर-जानेवारीत त्यांना गोडी चढते. काही कच्चे कधीच खायचे नसतात, ते शिजवण्याचे. आचेवर ठेवले की विरघळून लोण्यासारखे होतात. काही केवळ पेयासाठी लावलेले, त्यांचा तुरटपणा जिभेला सहन होत नाही. घर नव्याने घेतलेला माणूस जेव्हा झाडाखाली जाऊन पहिला घास घेतो आणि थुंकून टाकतो, तेव्हा त्याने फळाची परीक्षा केलेली नसते. अवेळी केलेली असते. आणि या थुंकण्यावर निकाल ठरतो. आंबट झाड, उगाच जागा अडवते, तोडा. शंभर वर्षांचे झाड एका दुपारच्या घासावर जाते.

नावाचे काम इथे कळते. नाव कळले म्हणजे काय कळले? कोणी कोणी हे फळ याआधी खाल्ले, कधी तोडले, कुठे ठेवले, कशात घातले, किती दिवस वाट पाहिली, हे सगळे त्या दोन अक्षरांबरोबर येते. नाव ही अनेकांच्या अनुभवाची शिदोरी आहे. आपण ज्याला परंपरा म्हणतो तीही याहून फार निराळी नाही. एकट्याच्या जिभेला जे एका घासात कळत नाही, ते आधीच्यांच्या जिभांनी सांगून ठेवलेले असते.

बरे, नाव मिळालेच नाही तर? मग स्वतः थांबावे लागते. फळ तळव्यावर घेऊन किंचित वर उचलावे, हलके फिरवावे. सहज सुटले तर वेळ झाली, ओढावे लागले तर नाही. एक चिरून बी पाहावी. पांढरी असेल तर थांबावे, तपकिरी झाली असेल तर तोडावे. मग काही फळे गवतात ठेवून दर आठ-पंधरा दिवसांनी एकेक चाखावे. एखादे शिजवून पाहावे. असे एक हंगाम, दोन हंगाम केले म्हणजे नाव नसलेले झाडही आपला स्वभाव सांगते. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला हे कष्ट पडत नाहीत. पण ज्याने हे कष्ट केले त्याची त्या झाडाशी जी ओळख झाली, ती नाव वाचणाऱ्याची होईलच असे नाही. तेव्हा पूर्वपक्षाला इतकेच उत्तर: नाव नसले तरी चालेल, पण मग धीर दुप्पट हवा.

इथवर नावाची थोरवी झाली. नावाचा दुसरा चेहराही पाहू.

इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमध्ये साउथवेल नावाचे गाव आहे. तिथे 1809 साली मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या लहान मुलीने सफरचंदाच्या बिया लावल्या. एक रोप जगले, वाढले, त्याला मोठी आंबट फळे येऊ लागली. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन ते घर सोडून गेली. 1846 साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतले. दहा वर्षांनी, 1856 मध्ये, हेन्री मेरीवेदर नावाचा रोपवाटिकेतला तरुण त्याच्याकडे कलमासाठी काड्या मागायला आला. खाटकाने हो म्हटले, पण एक अट घातली. फळाला माझे नाव द्यायचे. दिले. आज ‘ब्रॅम्ली’ हे त्या देशातले शिजवण्याचे सगळ्यात नामांकित सफरचंद आहे. घरोघरच्या गोड पदार्थांत तेच असते. लावले मुलीने, नाव लागले खाटकाचे. तिला तर या फळाचा पुढे इतका बोलबाला झाला हे कधी कळलेही नाही.

यात खाटकाने चोरी केली असे म्हणता येत नाही. घर त्याचे, झाड त्याचे, अट उघड घातलेली. पण जग त्याचे नाव घेत राहिले, आणि बी मातीत दाबणारी बोटे दीडशे वर्षे कोणाला आठवली नाहीत. तिचे नाव आता साउथवेलचे लोक आवर्जून सांगतात, ते झाडाचे भाग्य. ते मूळ झाड विसाव्या शतकाच्या आरंभी वादळात कोसळले, आडव्या फांदीतून पुन्हा उठले, आणि आता मुळांना लागलेल्या बुरशीने हळूहळू जात आहे. त्याची कलमे मात्र लाखोंनी आहेत, आणि कलम म्हणजे तोच देह हे वर आलेच. त्या प्रत्येक झाडात तिची बी आहे, आणि प्रत्येक पाटीवर दुसऱ्याचे नाव आहे. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे हे आपण प्रवचनात ऐकतो आणि मान डोलावतो. त्या पोरीने ते न ऐकता केले. तिला ते ठाऊक नव्हते म्हणून त्याची किंमत कमी होते का? मला वाटते, होत नाही. उलट आपण जाणून करतो तेव्हा निरपेक्षतेचीही एक अपेक्षा आत उगवते, तिची तीही नव्हती.

दुसरी कथा अमेरिकेतली, आणि ती आपल्या बाजारापर्यंत पोहोचते. आयोवा राज्यात पेरू नावाच्या गावाजवळ जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत ओळीबाहेर एक रोप उगवले. त्याने ते कापले. पुन्हा फुटले. पुन्हा कापले, पुन्हा फुटले. तेव्हा, असे सांगतात, तो म्हणाला की एवढी जगण्याची जिद्द आहे तर जग. पुढे त्याला गोड, लांबट फळे आली. 1893 साली मिसूरीतल्या लुईझियाना गावी स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने भरवलेल्या फळस्पर्धेत त्याने ती पाठवली. पहिला क्रमांक मिळाला, पण पाठवणाऱ्याचे नाव-गाव लिहिलेला कागदच हरवला. फळ समोर, गोडी जिभेवर आणि माणसाचा पत्ता नाही. पुढच्या वर्षी त्यानेच पुन्हा फळे पाठवली म्हणून शोध लागला. हायटने त्याला ‘हॉकआय’ म्हटले होते. स्टार्क बंधूंनी हक्क विकत घेतले आणि नाव ठेवले ‘डेलिशस’, म्हणजे चविष्ट. तेच पुढे ‘रेड डेलिशस’ झाले.

ते हिंदुस्थानात रुजवले ते सॅम्युएल स्टोक्स या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने. हा माणूस 1904 साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आला, सिमल्याच्या वरच्या डोंगरात कोटगढला राहिला, तिथलाच झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेला, 1932 साली हिंदू होऊन सत्यानंद झाला. 1916 च्या सुमारास त्याने अमेरिकेहून आणलेली ही झाडे तिथे लावली आणि शेजारच्या शेतकऱ्यांना रोपे दिली. हिमाचलचा सफरचंदाचा व्यवहार त्यातून उभा राहिला. पंढरीत कार्तिकीला उपवासाच्या फळांत जे ताजे सफरचंद मिळते, त्यातले कितीतरी याच डोंगरांतून आणि काश्मीरातून येते. (आषाढीला मिळते ते आदल्या हंगामाचे, शीतगृहातले, नाहीतर परदेशाचे, सफरचंदाचा हंगाम आषाढात नसतो.)

पण कथेचा उरलेला भाग ऐकण्यासारखा आहे. फळाला नाव मिळाले चविष्ट, आणि बाजाराने डोळ्यांनी निवड सुरू केली. एखाद्या फांदीवर अधिक लाल फळ दिसले की तिचे कलम करायचे, त्यातून आणखी लाल निवडायचे. लाली वाढत गेली, साल जाड झाली, चव फिकी पडली अशी तक्रार तिकडचेच लोक करू लागले. 2018 साली अमेरिकेत ‘गाला’ नावाच्या दुसऱ्या वाणाने त्याचा पहिला क्रमांक काढून घेतला. दोनदा कापूनही जे मेले नाही, त्याला नावाने आणि रंगाने पोखरले. नाव ‘चविष्ट’, आत चव नाही. भगवी पताका, तुळशीची माळ, बुक्का आणि कपाळावरचा टिळा यांबद्दल वेगळे सांगायला हवे काय? माळ ही खूण आहे, आणि खूण चांगलीच. पण खुणेची निवड करता करता वस्तू निसटते, हे फळांच्या बाबतीत चार पिढ्यांत घडलेले दिसते.

मग नाव टाकून द्यावे? इथे मला तिसरी कथा सांगितली पाहिजे, ती एका यात्रेच्या बेटाची आहे.

वेल्सच्या वायव्य टोकापलीकडे समुद्रात बार्डसी नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या भाषेत त्याला एन्ली म्हणतात. सहाव्या शतकात कॅडफन नावाच्या संताने तिथे मठ बांधला, असे परंपरा सांगते. बेटावर वीस हजार संत चिरनिद्रा घेत आहेत, अशी श्रद्धा. मध्ययुगात तिथे तीन वेळा जाणे म्हणजे रोमला एकदा जाण्याइतके पुण्य मानीत. मधला समुद्र अरुंद, पण ओढ भयंकर. वाऱ्याची मर्जी होईपर्यंत किनाऱ्यावर थांबावे लागे. चंद्रभागेला पूर आला म्हणजे पैलतीरी थांबणाऱ्या वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

या बेटावर एका घराच्या भिंतीला टेकून, वाऱ्याने वाकवलेले एकच सफरचंदाचे जुनाट झाड होते. बेटावर राहणारे त्याची फळे खात. कोणी नाव विचारले नव्हते. 1998 साली एका जाणत्याने त्याची फळे पाहिली. त्या वर्षी आसपास बहुतेक सफरचंदांवर रोग होता, यावर काही नव्हते. फळे ब्रॉगडेलला गेली. तिथल्या तज्ज्ञांनी सगळ्या खुणा ताडल्या आणि सांगितले, हे आमच्या कोणत्याही नोंदीत बसत नाही. म्हणजे जगाला ठाऊक असलेले असे हे एकच झाड. वर्तमानपत्रांनी त्याला जगातले सर्वांत दुर्मीळ सफरचंद म्हटले. मठाच्या बागेतले शेवटचे झाड असावे, असेही लोक बोलू लागले. ते सिद्ध झालेले नाही. जुने झाड दिसले की त्याला संताच्या चरणी नेऊन बसवायची हौस सगळीकडे सारखीच. त्यात वाईटही नाही. आळंदीच्या अजानवृक्षाला वनस्पतिशास्त्रात लॅटिन नाव आहे. ते कळल्याने त्याखाली पारायणाला बसलेल्या कोणाची सावली कमी झालेली नाही, आणि न कळल्याने वाढलेलीही नाही.

ते फळ तेव्हा ‘एन्लीचे सफरचंद’ झाले. नाव मिळताच काय घडले ते पाहा. काड्या काढल्या गेल्या, कलमे बांधली गेली, आणि आज ते झाड बेटाबाहेर कितीतरी परसांत आहे. जोवर बेनाम होते तोवर एक वादळ पुरेसे होते. खाणारे तेव्हाही होते, आणि प्रेमाने खात असतील. पण बेनाम झाडाची जबाबदारी कोणावर नसते. ते पडले असते तर ‘ते भिंतीकडचे झाड पडले’ एवढेच झाले असते.

म्हणून मला वाटते, नावाचा प्रश्न गोडीपाशी सुटत नाही, तो जबाबदारीपाशी सुटतो. गोडी घ्यायला नाव लागत नाही. आदर करायलाही लागत नाही. वारीत आपण प्रत्येकाला माउली म्हणतो. पुढे सरका माउली, पाणी घ्या माउली. नाव, गाव, जात काही न विचारता पायावर डोके ठेवतो, आणि समोरचाही आपल्या पायावर ठेवतो. या एका शब्दाने जे साधले ते मोठमोठ्या सभांनी साधले नाही. पण आषाढीच्या गर्दीत एखादी म्हातारी दिंडीतून चुकते. ध्वनिक्षेपकाच्या मंडपात आणून तिला बसवतात. चहा देतात, माउली म्हणतात, पाठीवरून हात फिरवतात. ती घाबरून गेलेली, गावाचे नाव आठवत नाही, मुलाचे नाव विचारले तर ‘आमचा थोरला’ म्हणते. तिथे माउली हा शब्द पुरत नाही. आदर पुरा आहे, माया पुरी आहे, पण तिला घरी पोहोचवायचे तर तिचे नाव लागते, गाव लागते, दिंडीचा क्रमांक लागतो. तेव्हा कोणीतरी शेजारी बसून, फळाचा देठ न् डोळा पाहावा तसे बारकाईने विचारीत राहावे लागते. गावात नदी आहे का? देऊळ कोणाचे? वाटेत मुक्काम कुठे झाला? लुगडे कुठल्या पद्धतीचे, बोली कुठली? अशा खुणा जुळवीत गावापर्यंत पोहोचतात. तिला माउली म्हणून पुढे निघून जाणे सोपे असते. आणि खरे बोलायचे तर आपण पुष्कळदा माउली म्हणतो ते या सोपेपणासाठीच. नाव विचारले की गुंतावे लागते.

याच्या उलटही घडते, तेही सांगितले पाहिजे. नाव विचारणे हे कित्येकदा मोजमाप असते. आडनाव काय, असे कोणी विचारले की पुढचा प्रश्न आतल्या आत विचारून झालेला असतो. नाव विचारल्यावर आपण त्या माणसाचे ओझे उचलायला वाकलो, की त्याला कुठल्या पाटीत टाकायचे ते ठरवून मोकळे झालो, एवढ्यावरून विचारणाऱ्याचा हेतू ओळखावा. खाटकाने नाव दिले ते मालकीसाठी, स्टार्क बंधूंनी विक्रीसाठी. एन्लीच्या झाडालाही बाजार लागलाच असेल. पण त्याचे नाव पुसले तर त्याचे जगणेच धोक्यात येते, एवढा फरक आहे.

मंगळवेढ्याची कथा आपण सगळे जाणतो. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली, खाली मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबाराय होते. नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले. हाडांवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. सगळी हाडे सारखी. तेव्हा त्यांनी एकेक हाड उचलून कानाला लावले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून ओळखले. त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांची पायरी आणि चोखोबांची समाधी आजही समोरासमोर आहेत. या कथेत ओळख बाहेरच्या नावाने पटत नाही, आतल्या नामाने पटते. ज्याला समाजाने नाव घेण्यालायकही मानले नव्हते, त्याच्या हाडांत नाम होते. कीर्तनकार इथे थांबतात आणि टाळ वाजतात, योग्यच आहे.

मला मात्र दर वेळी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. चोखोबांची हाडे सापडण्यापूर्वी नामदेवरायांनी जी जी हाडे उचलून कानाला लावली, ती कोणाची होती? तेही मजूरच. त्याच भिंतीखाली, त्याच दिवशी गेलेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्यातून काही ऐकू आले नाही, एवढेच आपण समजतो. पण नामदेवराय ऐकत होते ते ओळखीच्या आवाजासाठी. त्या इतरांनीही कोणासाठी घर बांधले असेल, कुठे बी दाबली असेल, पोराबाळांना पाठीवर घेतले असेल. आणि तरी एक गोष्ट खरी, की नामदेवरायांनी ती सगळी उचलली. न पाहता बाजूला सारली नाहीत. प्रत्येक हाड हातात घेतले, प्रत्येकाला कान दिला, मगच खाली ठेवले.

आपल्याकडच्या खेड्यांत रायवळ आंब्यांच्या बाबतीत म्हातारी माणसे असेच करीत. बांधावरच्या, ओढ्याकाठच्या एकेका झाडाला त्यांनी स्वतः नाव दिलेले असे. शेपूचा वास येतो तो शेप्या, खोबऱ्यासारखा गर तो खोबऱ्या, लाल फळाचा शेंदऱ्या, लहान गोल तो गोटी. कुठल्या ग्रंथात ही नावे नाहीत, दोन गावांपलीकडे कोणाला ठाऊक नाहीत. पण शेप्या कधी उतरवायचा, खोबऱ्याची आढी किती दिवस ठेवायची, लोणच्याला कोणता आणि रसाला कोणता, हे त्या नावात होते. यांतली पुष्कळ झाडे रस्ता रुंद झाला तेव्हा गेली, काही लाकडासाठी गेली. जी उरली आहेत त्यांच्याखाली येत्या वैशाखात कोणी उभे राहिले तर पाडाचे फळ मिळेल. ते आंबट निघाले तर चार आढीत घालावेत, आठ दिवसांनी एक चाखावा, आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल तर त्यांच्या हातावर दुसरा ठेवून विचारावे, हा कोणता?